चष्म्याआडचं तोंड

लोकांना वाटायचं, विशाखाला किळस म्हणून काही ठाऊकच नसेल. अकरा वर्षं ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली होती. तंबाखूनं काळ्या पडलेल्या हिरड्या, पू धरलेल्या दाढा, चूळही न भरता आलेली तोंडं, सगळं तिनं वीतभर अंतरावरून बघितलं होतं. उमरीला माहेरी गेली की आई विचारायची, "तुला कसंतरी होत न्हाई का गं?" विशाखा म्हणायची, "आजारी माणसाचं तोंड हाय ते, आई. त्यात कसली घाण?"

घाण कशाला म्हणतात, ते तिला त्या उन्हाळ्यात कळलं.

लातूरला क्लासेसच्या गजबजाटात डॉक्टर शिवशंकर यांचा दवाखाना होता. माणूस हुशार, हात हलका. दिवाळीनंतर ते कुठल्याशा प्रदर्शनातून व्हीआरचा चष्मा घेऊन आले. डोळ्यांवर चढवला की समोर निळं तळं, त्यात संथ फिरणारे मासे, आणि कानात नुसता पाण्याचा आवाज. सुई दिसत नाही, मशीनची घरघर ऐकू येत नाही. पेशंट त्याला डबाच म्हणायचे.

पहिला डबा चढला लिंबाजीच्या डोळ्यांवर. हदगावचा धिप्पाड गडी, लेकीकडं आला होता. त्याआधी दोनदा तो इंजेक्शन बघूनच खुर्चीतून उठून, चपला हातात घेऊन पळाला होता. त्या दिवशी अर्धा तास निवांत पडून राहिला. चष्मा काढल्यावर म्हणाला, "झालं? अहो, तो मोठा मासा आत्ताशी वर येऊन राहिला होता!" सगळे हसले. विशाखाला मनापासून बरं वाटलं. भीतीनं थरथरणारी माणसं तिनं इतकी बघितली होती की त्या चष्म्याला हात जोडावेसे वाटले.

मग हळूहळू ढिलाई सुरू झाली.

आधी पेशंट डोळे ताणून सगळं बघत. "हातमोजे नवे हायत ना, साहेब?" असं एखादा विचारायचाही. आता ते मासे बघत होते. एकदा काम चालू असताना डॉक्टरांचा फोन वाजला. लाळेनं बरबटलेल्या मोज्यानंच त्यांनी तो उचलला, कानाला लावला, प्लॉटबद्दल बोलले, नाक खाजवलं आणि तोच हात पुन्हा पेशंटच्या तोंडात घातला. विशाखा नवे मोजे पुढं धरून उभी होती. त्यांनी मान हलवली. "राहू दे. कोण बघतंय?"

ते 'कोण बघतंय' मग रोजचंच झालं. अवजारं वाफेच्या मशीनमध्ये घालायला वेळ लागतो, म्हणून नळाखाली धरून पुन्हा ट्रेमध्ये. चष्म्याच्या स्पंजाला दहा कपाळांचा घाम, खोबरेल तेल, कुंकू लागलेलं. विशाखा स्पिरिटचा बोळा फिरवायची, तो पिवळा-काळा होऊन निघायचा, आणि लगेच अकरावं कपाळ त्यात दाबलं जायचं. वरून थट्टा. एका बाईचं तोंड उघडं धरून डॉक्टर म्हणाले, "गटार आहे नुसतं, बघ." त्या बाईला ऐकू आलं नाही. ती कुठल्याशा बदकाला बघून हसत होती. उघड्या तोंडानं, जिभेवर रक्त असताना हसत होती.

त्या दिवशी विशाखाला पहिल्यांदा शिसारी आली. तिनं मोरीत जाऊन तोंड धुतलं, तरी गेली नाही. दुपारचा जेवणाचा डबा तसाच घरी गेला.

"सर, निदान मोजे तरी..." ती एकदा म्हणाली.

"विशाखा, पेशंटला त्रास होतोय का? उलट खूश होऊन जातात. मग तुला काय अडचण आहे?"

नवरा आनंदराज एसटीत कंडक्टर होता. तो म्हणाला, "सोड ना ती नोकरी." ती म्हणाली, "सगळीकडं असंच असंल." पण म्हणतानाच तिला आपल्याही तोंडाची किळस आली. महिनाभर ती हेच बघत होती, तिचेच हात डॉक्टरांच्या हातात अवजारं देत होते आणि वरून ती पेशंटला सांगत होती, "घाबरू नका, छान तळं दिसंल."

मेच्या अखेरीस निलंग्याकडच्या पार्वतम्मा आल्या. साठी उलटलेली बाई, सोबत सून मंजुश्री. दाढ काढायची होती. खुर्चीत बसताच रडायला लागल्या. "बेड, बेड, नको मला," असं कानडी-मराठीत म्हणत त्यांनी विशाखाचा हात घट्ट धरला. विशाखानं सुनेला बाहेर बसवलं, पार्वतम्मांची समजूत घातली, चष्मा चढवला. थोड्या वेळानं हाताची पकड सैल झाली. गाल सुन्न झाला. डॉक्टरांनी दाढ उपटायचा चिमटा हातात घेतला.

दाढ अर्धी हललेली असताना चिमटा निसटला आणि फरशीवर पडला. खुर्चीखाली सकाळपासूनचे थुंकीचे, रक्ताचे बोळे पडले होते, त्यात. डॉक्टरांनी वाकून उचलला, ॲप्रनला पुसला.

"सर, दुसरा देते."

"एका मिनिटाचं काम आहे." ते पुढं झुकले.

विशाखानं आपला तळवा पार्वतम्मांच्या तोंडावर ठेवला. असं करायचं तिनं ठरवलं नव्हतं. चिमटा तिच्या बोटांना लागून थांबला. पार्वतम्मा दचकल्या. विशाखानं दुसऱ्या हातानं चष्मा वर ओढला.

"निघाली का दाढ?" पार्वतम्मा बोबड्या जिभेनं म्हणाल्या.

"न्हाई, मावशी. चिमटा खाली पडला होता. तोच तोंडात येऊन राहिला होता."

डॉक्टरांचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला, मग त्यावर हसू आलं. "काही नाही, आजी. दुसरा घेतोच आहे."

विशाखाला वाटलं होतं, आता बाई चिडेल, ओरडेल, उठून जाईल. पार्वतम्मांनी त्या चिमट्याकडं बघितलं, त्याला चिकटलेल्या कापसाकडं बघितलं आणि डोळे गच्च मिटले. "मला कशाला दाखवलंस गं? डबा घाल परत. मला काई दिसायला नको."

विशाखानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. "घालते, मावशी. तुम्ही बघू नका. मी बघते."

तिनं चष्मा चढवला, ट्रे बाजूला सारला, वाफेच्या मशीनमधून निघालेल्या चिमट्याचं बंद पाकीट आणलं आणि डॉक्टरांसमोर फाडलं. नवे मोजे पुढं धरले. डॉक्टरांनी निमूट घातले. दाढ निघेपर्यंत तिनं त्यांच्या हातावरची नजर काढली नाही.

बाहेर मंजुश्रीला तिनं सगळं सांगितलं. मंजुश्रीनं तोंड वाकडं केलं, मग म्हणाली, "पण दाढ तर नीट निघाली ना, ताई? मग जाऊ द्या." आणि सासूला धरून ऑटोत बसवलं.

"पेशंटसमोर माझी इज्जत काढलीस," डॉक्टर म्हणाले.

"पेशंटला तर तळंच बघायचं होतं, सर."

"उद्यापासून येऊ नकोस."

"मी येणारच नव्हते."

तिनं आरोग्य खात्याकडं तक्रार लिहिली, खाली आपलं नाव घातलं. महिन्यानं कुणी येऊन पाहणी करून गेलं म्हणे. दवाखाना चालूच राहिला. तिथल्या एकीनं फोनवर सांगितलं, आता चष्मे दोन झालेत.

पावसाळ्यात आनंदराजची बदली नांदेड डेपोला झाली. तिथं एका जुन्या दवाखान्यात विशाखाला काम मिळालं. चष्मा नव्हता, खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं होतं, पण वाफेचं मशीन दिवसभर चालू असायचं. पहिल्याच आठवड्यात किशनराव नावाचे म्हातारे आले. त्यांनी तिचं मनगट असं आवळलं की वळ उठले. घडीघडी डॉक्टरांचा हात अडवून विचारायचे, "आता काय करून राहिलेत?"

"आता सुई, काका. बारीक हाय. आता पाणी मारतील. आता मशीनचा आवाज येईल, दचकू नका."

काम संपलं तेव्हा किशनरावांना भांड्याचा नेम साधला नाही. रक्ताची थुंकी तिच्या बाहीवर पडली. ते ओशाळून गेले.

"असू द्या, काका," विशाखा म्हणाली. तिनं बाही पुसली, हात धुतले, मोजे बदलले आणि दारात जाऊन पुढच्या पेशंटला हाक मारली.