तांदूळ भरलेला मोजा आणि ठोंब्याचा कान

मित्रांनो, मोजे नेहमी दोघे जन्माला येतात. मी मात्र आज एकटा आहे, आणि माझ्या पोटात पायाऐवजी तांदूळ आहेत. हे असं का झालं, ते ऐका. गोड गोष्ट ऐकायला मिळेल या आशेने बसला असाल तर आधीच सांगतो, माझ्या आयुष्यात गोड असं फार थोडं आलं, आणि जे आलं त्याने एकाचा जीव जायची वेळ आणली.

मी राखाडी, जाड विणीचा, कंपनीचा मोजा. चाकणच्या एका कारखान्यात कुलदीपला सेफ्टी शूजबरोबर आमची जोडी मिळाली. बुटाच्या आतला तो काळोख, तो घाम, वरून तेलाचा वास. त्या दिवसांचं कौतुक मी करणार नाही. कौतुक आमचंही कोणी केलं नाही. घरी आलो की दाराबाहेरच आम्हाला सोलून काढायचे, आणि कुलदीपचे वडील अर्जुनराव नाकाला उपरणं लावायचे. पुढे माझ्या जोडीदाराच्या टाचेला भोक पडलं. तो कचऱ्याच्या गाडीत गेला. मी दोरीवर एकटा लटकत राहिलो.

तिथून मला काढलं तनुजाने. तनुजा म्हणजे कुलदीपची बायको, अर्जुनरावांची सून. तिने मला गरम पाण्यात तीनदा धुतलं, उन्हात वाळवलं, दोन मुठी तांदूळ भरले आणि तोंडाला गाठ मारली. हे सगळं ठोंब्यासाठी.

ठोंब्या हा घरचा बोका. मोशीच्या बाजारात एका टेम्पोखाली तो तनुजाला सापडला होता, तेव्हा ओंजळीत मावायचा. आता भोपळ्याएवढा झाला होता आणि त्याला मधुमेह होता. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला इन्सुलिन टोचावं लागे, आणि त्याआधी रक्तातली साखर बघावी लागे. मांजराच्या कानाच्या कडेला बारीक शीर असते. कान गार असला की रक्त येत नाही. ऊब दिली की सुई लागताच टाचणीच्या डोक्याएवढा थेंब येतो, तो पट्टीने टिपला की यंत्र आकडा सांगतं. ती ऊब देणं हे माझं काम. मला जुन्या तव्यावर गरम करायचे आणि ठोंब्याच्या कानाला लावायचे.

पहिल्याच दिवशी अर्जुनराव कडाडले. "आन्न पायातल्या मोज्यात कोंबलं? ह्या घरात आता काय काय बघायचं ऱ्हायलंय?"

"धुतलाय तो, मामा," तनुजा म्हणाली. सासऱ्यांना ती मामाच म्हणे.

"धुतला म्हून काय त्यात निवद दाखवशील?"

तनुजाने तवा असा आपटला की मी आतून खळखळलो. ठोंब्याने मला बघताच पंजा मारला. त्या घरात कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, आणि माझ्याशी तर कुणाचंच नाही.

अर्जुनरावांचा खरा राग वेगळाच होता. मधुमेह त्यांनाही होता. त्यांचं साखर बघायचं यंत्र कपाटात पडून होतं, कारण सुईचं नाव काढलं की ते उठून ओट्यावर जाऊन बसत. तनुजाने दोनदा म्हणून पाहिलं, मग तिने नाद सोडला. तरी रोज संध्याकाळी त्यांचं ठरलेलं असे, "सायबांची साखर बघितली का? बघा बघा. आमी काय, मान्सं हाय."

तोवर कान धरायचं काम कुलदीप करी. मग त्याची दुपारपाळी लागली, आणि संध्याकाळी ठोंब्याला धरणार कोण असा प्रश्न आला. तनुजाने एकटीने धरून पाहिलं, तर मनगटावर तीन ओरखडे निघाले. शेवटी अर्जुनराव म्हणाले, "आण इकडं त्याला." त्यांनी बोक्याला मांडीवर घेतलं, मला डाव्या हातात धरून कानाला लावलं, आणि त्याच्या दुसऱ्या कानाशी हळू आवाजात "राम कृष्ण हरी" सुरू केलं. टाळकऱ्याचा गळा होता त्यांचा, आयुष्यभर कीर्तनात मागे उभा राहिलेला. ठोंब्याने डोळे मिटले. सुई कधी लागली ते त्याला कळलंही नाही.

मला वाटलं, आता तरी या घरात निवांतपणा येईल. पण त्याच आठवड्यात गावात सप्ताह बसला.

आमच्याकडे कीर्तन पाच ते सात ठेवतात. पहिल्या पाळीचे लोक घरी येऊन अंघोळ करून बसू शकतात, आणि रात्रपाळीवाल्यांना आरती घेऊन बस पकडता येते. अर्जुनराव पहिल्या दिवसापासून मंडपात. तिथून परतताना त्यांचा चेहरा असा उजळलेला असे की रागही विसरत. बुवांनी काय दृष्टांत दिला, कुठे चाल बदलली, मृदंगवाला कसा सांभाळून गेला, हे ते ठोंब्याला सांगत. आणि सांगता सांगता मला हातात घेत.

त्यांची बोटं चिकट असत.

मित्रांनो, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. मंडपात प्रसादाला पाकातली बुंदी होती. अर्जुनराव द्रोण घेत, कोपऱ्यात उभे राहून खात, बोटं धोतराला पुसत आणि घरी येत. पाक धोतराला पुसून जात नाही. तो माझ्यावर येई, आणि माझ्यावरून ठोंब्याच्या कानावर. वर ते कानाची कड दोन बोटांनी ताणून धरत. रक्ताचा थेंब त्या पाकात मिसळे आणि पट्टीवर जाई. यंत्र बिचारं मिळेल ते मोजणार.

आकडा तीनशेच्या वर गेला. दुसऱ्या संध्याकाळी त्याहून वर. सकाळी कुलदीप धुतल्या हातांनी कान धरी, माझी स्वच्छ बाजू लावी, तेव्हा मात्र सगळं ठीक.

"मामा, ठोंब्याला काय खायला घातलंत?"

"म्या? मी कशाला घालीन?"

"संध्याकाळीच वाढते. तुम्ही आलात की वाढते. प्रसाद भरवता ना त्याला?"

"गळ्यात माळ हाय माझ्या. खोटं बोलीन व्हय?"

"माळेचं नाही विचारलं मी. बुंदीचं विचारलं."

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. तनुजाने चिंचवडच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्या संध्याकाळीही एवढीच आली तर मला कळवा, डोस वाढवू. पण खात्री करून घ्या, गरज नसताना जास्त गेलं तर मांजर लटपटतं, झटके येतात, हातचं जातंही.

हे ऐकून माझ्या पोटातले तांदूळ गार पडले. साखर ठोंब्याच्या अंगात नव्हतीच. ती माझ्या अंगावर होती. पण मोज्याला तोंड असून काय उपयोग, त्याला तर गाठ मारलेली.

दुसऱ्या दिवशी तनुजाने ठोंब्याला आतल्या खोलीत कोंडलं आणि किल्ली कमरेला खोचली. दिवसभर तो दारावर नखं मारत होता. सात वाजून गेल्यावर अर्जुनराव आले. बसले, बोक्याला मांडीवर घेतलं, मला कानाला लावलं. तोंडातल्या तोंडात नाम चालू होतं, पण आज त्यात दात-ओठ खाल्ल्याचा आवाज होता.

तनुजाने थेंब टिपला. तीनशे चाळीस.

अर्जुनरावांनी मला तुळशीच्या कुंडीशेजारी खिडकीत भिरकावलं. "आता बोल. किल्ली कुणाकडं व्हती? मी भरवलं काय गं दाराच्या फटीतून? बोल की."

"नाही भरवलंत," तनुजा म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "माझं चुकलं, मामा. म्हणजे औषधच कमी पडतंय त्याला."

तिने डॉक्टरांना फोन लावला. कोंडून ठेवलं होतं, तरी एवढी आली, असं सांगितलं. डोस किती वाढवायचा ते विचारून घेतलं आणि सुईत औषध ओढायला लागली.

अर्जुनराव जिंकले होते. सुनेने तोंडाने चूक कबूल केली होती, असा दिवस त्या घरात पूर्वी आला नव्हता. ते ऐटीत खिडकीकडे वळले, आणि तिथे मी पडलो होतो. कुंडीतल्या लाल मुंग्यांची रांग माझ्यावर चढत होती. टाचेवर नाही, गाठीवर नाही. नेमकी जिथे त्यांची बोटं असत, तिथे.

त्यांनी मला बघितलं. मग स्वतःची बोटं नाकाशी नेली.

मला वाटलं, हे गप्प बसणार. जिंकलेला माणूस कशाला बोलेल? तनुजाने ठोंब्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली होती.

"थांब," अर्जुनराव म्हणाले. "सुई ठेव खाली."

"आता काय?"

"ठेव म्हन्तो ना. मांजराला न्हाई दिलं मी. मी खाल्लं. रोज खातोय. हात तसंच, धुतलं न्हाईत."

तनुजा त्यांच्याकडे बघत राहिली. मग मुंग्यांकडे. मग तिने सुई खाली ठेवली, ओलं फडकं घेतलं, ठोंब्याचा दुसरा कान पुसला, कोरडा केला. अर्जुनराव मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आले. पुन्हा थेंब टिपला. आकडा नेहमीचाच होता, सकाळसारखा.

"वाढवलेला डोस गेला असता तर?" ती म्हणाली. अर्जुनरावांनी ठोंब्याच्या पाठीवरून हात फिरवला. ठोंब्याने मात्र दोघांवरही फिस्कारून घेतलं.

रात्री तिने माझे तांदूळ काढले, मला धुतलं, सकाळी नवे तांदूळ भरले. ठोंब्याची साखर बघून झाली. मग ती कपाटाकडे गेली आणि अर्जुनरावांचं यंत्र काढून आणलं.

"बोट पुढे करा, मामा."

"मला न्हाई टोचायचं."

"मांजर रोज टोचून घेतंय. बोट."

नांगर धरलेलं बोट ते, लाकडासारखं. पहिल्यांदा टोचलं तर रक्तच आलं नाही. मग तिने मला तव्यावर ठेवलं, ऊन केलं, आणि त्यांच्या बोटांवर दाबून धरलं.

"पायातला मोजा माझ्या हातावर ठेवतीस व्हय?"

"हलू नका. राम कृष्ण हरी म्हणा, म्हणजे कळणार नाही."

ते म्हणाले नाहीत. पण हललेही नाहीत. आकडा आला, तो ठोंब्याच्या खोट्या आकड्यापेक्षा मोठा होता. तनुजाने पुन्हा फोन उचलला. या वेळी डॉक्टर माणसांचे होते.

मित्रांनो, मी एकटा, गाठ मारलेला, सगळ्यांचा नावडता मोजा. तरी सांगतो. सुई हातात घेण्याआधी हात धुवा, प्रसादाचे असले तरी धुवा. आणि घरातल्या मांजराचा कान रोज तपासत असाल, तर त्याला मांडीवर घेऊन बसलेला माणूस कसा आहे, तेही कधी बघा. तो रागावेल. रागावू द्या. बोट तेवढं धरून ठेवा.