टाचणी रुतली तरी दुखलं नाही

दुपारी माझ्याकडे आळीतली चारपाच मुलं येतात. मोबाइलवर आजाराविषयी काही वाचलं की आधी काय विचारायचं, ते मी त्यांच्याकडून घोकून घेतलंय : लिहिलंय कुणी, केव्हा, आणि खाली विकतोय काय? पाढ्यासारखं म्हणतात.

त्यांत माझी पुतणीही असते. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ, शिंपी, दुकान खालीच. त्याला मधुमेह. ‘गोळ्यांविना साखर आटोक्यात’ असं एका पानावर वाचून त्याने गोळ्या सोडल्या आणि त्या पानवाल्यांचीच पावडर मागवली.

पोरीने ते पान उघडून पाहिलं आणि तडक दुकानात गेली. मी मागोमाग.

“बाबा, लिहिणाऱ्याचं नाव नाही. तारीख नाही. खाली पावडरीचा डबा आहे.”

“आल्या वकिलीणबाई!” त्याने मशीन थांबवलं नाही. “कोर्ट उठलं, जा.”

“अरे, डॉक्टरांना तरी विचार,” मी म्हणालो.

“कशाला? हे बघ, दादा.” पायडलवरचा अनवाणी पाय उचलून त्याने तळवा दाखवला. टाचणी पार डोक्यापर्यंत आत गेलेली. “केव्हा रुतली कोण जाणे! पूर्वी नुसती टोचली तरी दुकान डोक्यावर घ्यायचो. आता पत्ताच नाही. ही ताकद त्या पावडरीची!”

“पण बाबा, दुखायला हवं होतं ना?”

“ऐकलंस? बापाला दुखावं म्हणतेय कार्टी!”

हसत हसत त्याने टाचणी उपसली, पुसून टाचण्यांच्या गादीला टोचली, आणि तळव्याचा फोटो काढून त्या पानावर अभिप्राय टाकला.

“दुखलं नाही, कारण मधुमेहाने पायातली जाणीवच गेली होती,” डॉक्टर म्हणाले तेव्हा जखम आतून सडली होती. पाऊल घोट्याच्या वरून काढावं लागलं.

आता भाऊ बसून फक्त काजं-बटणं करतो. मशीनवर चादर असते. परवा तो पोरीला म्हणाला, “माझं लिहिलेलं तेवढं काढून टाक गं.”

निघेना. पानवाल्यांनी ते उचलून पानाच्या माथ्यावर छापलं होतं. तळव्याचा फोटो, भावाचं पूर्ण नाव, तारीख. माझ्याकडच्या पोरांनी विचारलं असतं, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आता तिथे होती.

पोरीने भावाच्या मोबाइलवरून खाली खरं काय झालं ते लिहिलं. पुसलं गेलं. माझ्या मोबाइलवरून लिहिलं, तेही पुसलं. मग दोन्ही मोबाइलवरून लिहिणंच बंद केलं त्यांनी. वाचता मात्र येत होतं.

“बाबा, त्या पानावर एक काका तुम्हाला विचारताहेत.”

“काय?”

“त्यांच्या पायात खिळा गेलाय. दुखत नाहीये. म्हणतात, तुमच्यासारखाच गुण आला का?”

भावाच्या हातातलं बटण खाली पडलं. “अगं, लिही त्यांना! दवाखान्यात जा म्हणावं, आत्ताच्या आत्ता!”

“लिहू देत नाहीत, बाबा.”