चाहत्यांची सही

व्यवस्थापकांचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते.

"मावशी, गुरुवारी अकराला क्लबमध्ये या. चाहता संपर्क प्रमुख नेमायचाय. प्रश्न आम्ही विचारू, तुम्ही नुसतं बसायचं. शेवटी एक सही."

"नुसतं बसायला मला घरी खुर्ची आहे," मी म्हटलं.

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शेजारी माझी धाकटी जाऊ बसली होती. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण माणसं बरोबर कळतात. "वहिनी, तुम्हाला शोभेला बसवतायत. फुलदाणीसारखं."

"फुलदाणी डोक्यात बसली तर लागते गं," मी म्हटलं आणि लसूण सोलत राहिले.

त्या सहीची गोष्ट जुनी आहे. तीसेक वर्षांपूर्वी आमचा फुटबॉल क्लब बंद पडायला आला होता. मालकांनी हात वर केले, खेळाडू दुसरीकडे गेले, मैदानात गुडघाभर गवत वाढलं. तेव्हा चाहत्यांनी घरून विळे आणून गवत कापलं, भिंती रंगवल्या, दारोदार फिरून सभासद गोळा केले आणि क्लब पुन्हा उभा केला. त्या बदल्यात त्यांनी क्लबच्या घटनेत एक कलम घालून घेतलं: चाहत्यांशी बोलायला जो कुणी नेमाल, त्याच्या नेमणुकीवर चाहत्यांनी निवडलेल्या माणसाची सही हवी. सही नाही तर नेमणूक नाही. ते कलम मीच टाइप केलं होतं, क्लबच्या जुन्या यंत्रावर. त्याचा 'क' अडकायचा. दर 'क'ला मधल्या बोटानं ठोसा द्यावा लागे. चाहत्यांच्या सभेनं आता ती सही माझ्याकडे दिलेली होती.

मी तिकीटखिडकीत एक्केचाळीस वर्षं बसले. सगळा क्लब मला खिडकीमावशी म्हणतो. तिकिटं देणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं तक्रारी. आमच्या जुन्या सेक्रेटरींनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, "उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत. ज्या खुर्चीची तक्रार येईल त्या खुर्चीत जाऊन एक सामना बसायचं. उत्तर मग लिहायचं." ती क्लबची रीतच झाली. दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो अशी तक्रार आली, म्हणून मी एकदा अख्खा सामना कपाळावर हात धरून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला शिडीवर चढवलं. पुढचा माणूस शिव्या देतो अशी एका बाईची तक्रार होती. मी तिच्या जागी बसले. तीन शिव्या तर मलाही नवीन होत्या. त्याला उचलून दुसऱ्या टोकाला बसवला, तिथे सगळे त्याच्यासारखेच.

मी निवृत्त झाले आणि ती रीत माझ्याबरोबर घरी आली. आता माझे गुडघेही गॅलरीच्या पायऱ्या चढत नाहीत.

गुरुवारी गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली (लिफ्ट होती म्हणून बरं), काचेचं टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. व्यवस्थापक मधे, एका बाजूला बाहेरून बोलावलेल्या भरतीच्या बाई लॅपटॉप उघडून, दुसऱ्या बाजूला मी. खिडकीतून मैदान दिसत होतं. आदल्या दिवशीच्या सामन्याचा कचरा अजून गॅलरीत होता.

उमेदवार तीन. पहिल्यानं पंचाला अंपायर म्हटलं. त्याच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

दुसरा मोबाइल कंपनीतून आलेला. बूट असे चकाकत होते की त्यात मला छताचा पंखा दिसला. बोलणंही तसंच, कुठे खडा लागायचा नाही. मी मनात त्याचं नाव गुळगुळीतराव ठेवलं. व्यवस्थापक त्याच्याकडे बघत होते ते मुलीच्या बापानं ठरलेल्या जावयाकडे बघावं तसे.

तिसरी आत आली आणि मी ओळखलं. सिटी बसची कंडक्टर, बावन्न-त्रेपन्नची, खांद्याला बॅग अडकवून. सत्तावीस वर्षांपूर्वी मी वेळ झाली म्हणून खिडकी बंद केली, तर या बाईनं खिडकीवर छत्री आपटली होती आणि मला "खडूस म्हातारी" म्हणाली होती. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते! म्हातारी!

व्यवस्थापक माझ्या कानाशी वाकले. "आठवते ना? तुमच्या निरोपाच्या भाषणात तुम्हीच हा किस्सा सांगितला होतात."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिला यादीत घेतलं होतं ते मी नाही म्हणावं म्हणून. चाहत्यांमधल्या एकीला बोलावल्याचं दिसेल, म्हातारी जुना राग काढील, आणि सही जाईल गुळगुळीतरावांच्या कागदावर. राग तर मला होताच, खोटं कशाला बोलू? पण माझा राग दुसऱ्यानं वापरायचा म्हणजे काय!

"मला एक प्रश्न विचारायचाय," मी म्हटलं.

"मावशी, आपलं ठरलं होतं..."

"तुमचं ठरलं होतं."

मी पर्समधून एक पत्र काढलं. सभेकडे आलेलं, खरंखुरं. पूर्वेची गॅलरी, ओळ बावीस, खुर्ची नऊ. 'खांब आडवा येतो, डावीकडचा गोल दिसत नाही, तेरा वर्षांचा सभासद आहे, जागा बदलून द्या.' खाली फोन नंबर. गुळगुळीतरावांनाही परत आत बोलवायला लावलं. "याला उत्तर द्या," मी दोघांनाही सांगितलं.

गुळगुळीतरावांनी बाहेरच्या टेबलावर बसून पाच मिनिटांत पत्र तयार केलं आणि उभं राहून वाचलं. "आमच्या आराखड्यानुसार खुर्ची क्रमांक नऊवरून दृश्य पूर्णतः निर्वेध आहे. तथापि, आपल्या भावनांचा आम्ही मनःपूर्वक आदर करतो."

"वा," व्यवस्थापक म्हणाले.

कंडक्टरबाईंनी पत्र दोनदा वाचलं. "ओळ बावीस म्हणालात? आलेच." आणि दार उघडून गेल्या.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. भरतीच्या बाईंनी बाटली संपवली. व्यवस्थापक घड्याळ बघत म्हणाले, "पळाली वाटतं." मला खिडकीतून दिसत होतं. ती ओळ बावीसमध्ये बसली, उठली, शेजारी बसली, पुन्हा उठली. मग झाडणाऱ्या बाईशी बोलत उभी राहिली. मग फोन कानाला.

अर्ध्या तासानं धापा टाकत आली.

"नऊवर बसले. दोन्ही गोल स्वच्छ दिसतात."

"म्हणजे तक्रार खोटी," व्यवस्थापक म्हणाले.

"थांबा हो. वीस वर्षं तिकिटं फाडलीत मी. माणूस खोटं बोलतो ते कशासाठी तरी बोलतो. मी आठवर बसले. तिथूनही दिसतं. दहावर बसले, तर खांब थेट नाकासमोर, डावीकडचा गोल अर्धा गायब. म्हणजे हा माणूस नऊचं तिकीट काढतो आणि बसतो दहावर. का? झाडणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, दहा नंबर काठीवाल्या आजोबांचा. त्यांची मान वळत नाही. गेल्या वर्षापासून तेच नऊवर बसतात."

ती दोन घोट पाणी प्याली.

"मग त्याला फोन लावला. आधी कानांवर हात ठेवले त्यानं. मग म्हणाला, बाई, आजोबांना कळू देऊ नका. मला दहावरूनच जास्त बरं दिसतं असं मी त्यांना सांगितलंय. हल्ली मुलगा सोबत येतो, त्याला सगळं मी बघून सांगावं लागतं, आणि मला काही दिसतच नाही."

"मग द्या त्याला दुसरी जागा," भरतीच्या बाई म्हणाल्या.

"एकट्याला दिली तर आजोबा एकटे पडतील, आणि का गेला तेही त्यांना कळेल. ओळच्या ओळ चार खुर्च्या सरकवायची, दहा नंबर रिकामा ठेवायचा. सगळ्यांना सांगायचं, रंगकाम आहे."

माझे गुडघे धड असते तर मीही वर गेले असते, पण नऊवर बसून खाली उतरले असते आणि त्या माणसाला खोटारडा ठरवलं असतं. एक्केचाळीस वर्षांत शेजारच्या खुर्चीत बसून बघायचं मला सुचलं नव्हतं. ते या छत्रीवालीला सुचलं. झोंबलं, पण खरं ते खरं.

व्यवस्थापकांनी शेवटचा प्रश्न काढला. "पुढच्या हंगामात पूर्वेची गॅलरी पाडून तिथे कंपन्यांसाठी काचेच्या खोल्या करायचा विचार आहे. हे चाहत्यांना कसं सांगाल?"

मला हे पहिल्यांदाच कळत होतं.

"टप्प्याटप्प्यानं, सकारात्मक भाषेत," गुळगुळीतराव लगेच म्हणाले. कंडक्टरबाई म्हणाल्या, "मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं, मैदानात उभं राहून. मी तुमच्या शेजारी उभी राहीन आणि लोक जे म्हणतील ते तुम्हाला शब्दन्‌ शब्द ऐकवीन. बस चुकीच्या रस्त्याला लागली तर कंडक्टरनं प्रवाशांना गाणी म्हणून दाखवायची नसतात. घंटी मारायची असते."

दोघं बाहेर गेले. भरतीच्या बाईंनी गुण वाचले. गुळगुळीतराव सत्त्याऐंशी, कंडक्टर एक्केचाळीस. लेखी उत्तराला शून्य, कारण लेखी उत्तरच नव्हतं.

व्यवस्थापकांनी कागद माझ्यापुढे सरकवला, पेनाचं टोपणही काढून दिलं. "इथे, मावशी."

"इथे नाही."

"त्या बाईवर मागे एक वर्ष मैदानबंदी होती. राखीव खेळाडूंच्या बाकावरच्या छपरावर चढली होती, फलक घेऊन. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. फलकावर 'उत्तर द्या' लिहिलं होतं. तुम्ही अजून दिलेलं नाही."

त्यांनी आवाज खाली आणला. "तुमचा आजीवन पास आहे ना, मावशी? तो म्हणजे... क्लबची मर्जी असते. दर वर्षी ठरतं."

पास माझ्या गळ्यातच होता, निरोपाच्या दिवशी दिलेला. मी तो काढला, दोरी नीट गुंडाळली आणि त्यांच्या बाटलीशेजारी ठेवला. "हा तुमच्या मर्जीचा. सही लोकांच्या मर्जीची आहे, ती अशी गळ्यातून निघत नाही."

"मग जागा रिकामी राहील."

"राहू दे की."

घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "फुटली का फुलदाणी?" मी म्हटलं, "पास गेला." ती उठली आणि तिनं चहा ठेवला. मी नंतर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, दोनदा.

पुढच्या सामन्याला मी तिकिटाच्या रांगेत उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ती खिडकी बाहेरून पाहिली. इतकी उंच असते हे मला कधी माहीतच नव्हतं. एक्केचाळीस वर्षं लोक टाचा उंचावून माझ्याशी बोलत होते.

व्यवस्थापकांना वाटलं, म्हातारी दोन आठवड्यांत थकेल. पण त्यांनी ते कलम पूर्ण वाचलं नव्हतं. मी टाइप केलेलं होतं, मला पाठ होतं. जागा रिकामी असेल तोवर चाहत्यांच्या प्रत्येक पत्राला व्यवस्थापकांनी स्वतः, आठ दिवसांच्या आत, स्वतःच्या हस्ताक्षरात उत्तर द्यायचं. मी सभेत उभी राहिले आणि एवढंच म्हटलं, "पत्रं लिहा. पण खऱ्या तक्रारी हं. उगीच कागद काळे केलेत तर माझ्याशी गाठ आहे."

खऱ्याच तीनशे बारा निघाल्या. पूर्वेच्या गॅलरीच्या निम्म्याहून अधिक. व्यवस्थापकांची उत्तरं सुरुवातीला दोन पानी येत, मग अर्ध्या पानाची, मग अक्षर ओळखू येईनासं झालं. एका आजींना आलेलं उत्तर तर शेजारणीच्या तक्रारीचं होतं. दोघींनी मिळून पुन्हा लिहिलं.

नवव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "मावशी, तुमच्या त्या कंडक्टरबाईंचा नंबर द्या."

"माझ्या कशा? माझं नि तिचं भांडण आहे."

"द्या हो," ते म्हणाले. आवाज अगदी रडवेला. "नेमणुकीचा कागद तयार आहे. एक वर्षासाठी."

मी जाऊन सही केली. त्यांनी पास परत पुढे केला. मी घेतला नाही. मर्जीची वस्तू एकदा परत केली की केली.

पूर्वेची गॅलरी अजून उभी आहे. पाडायचा विचार अजून मेलेला नाही, नुसता पडून आहे. आम्हीही बसून आहोत.

कामावर आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात कंडक्टरबाई सामन्याआधी रांगेत माझ्याजवळ आली, हातात कागद. "मावशी, तुमच्याविरुद्ध लेखी तक्रार आहे. तुम्ही खिडकीतल्या क्लार्कला तिकिटं कशी द्यायची ते शिकवत बसता, आणि मागची रांग खोळंबते. सात जणांच्या सह्या आहेत."

"मग?"

"मग काय? मी आज तासभर तुमच्या मागे उभी होते. खोळंबते."

मागचे सात जण कान टवकारून होते. मी चष्मा पुसला आणि क्लार्ककडे वळले. "बाळ, सुट्टे आधी मोजून ठेव, तिकीट मग फाड. किती वेळा सांगायचं?"

"मावशी!" ती ओरडली.

"लिही," मी म्हटलं. "आठवी सही माझी घे."