तुळाजीचे बूट

पौषातली संध्याकाळ. पश्चिमेच्या कड्यावरून ताम्रवर्ण, तिरपी उन्हं उतरत होती आणि रानगडच्या लष्करी कॉलेजचं मैदान धगधगत होतं. लाल माती, लाल धूळ, लाल आभाळ. त्या रक्तवर्ण संध्येत सगळ्यांत लाल होते ते खंडेराव जाचकचे डोळे! वर्षभर त्याला सुखाची झोप अशी लागलीच नव्हती.

पहिलं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं लोटली होती. रानगडची पोरं अनवाणी फुटबॉल खेळायची. चंदनवाडीच्या लष्करी कॉलेजातले सरदारपुत्र बूट घालून. दोन्हीकडे एक जुनी रीत होती. अंतिम सामना संपला की हरलेल्या कप्तानानं गुडघा टेकायचा आणि जिंकलेल्या कप्तानाच्या बुटांच्या नाड्या सोडायच्या. खिलाडूवृत्ती म्हणे! डोंबलाची खिलाडूवृत्ती.

गेल्या पौषातल्या अंतिम सामन्यात चंदनवाडीच्या कप्तानानं, उदयसिंहानं, चेंडू सोडून तुळाजीच्या घोट्यावर बूट रोवला होता. जाणूनबुजून. तुळाजी म्हणजे खंडेरावाचा जिवलग. त्याचं हाड मोडलं, पलटण हुकली, जन्माची कुबडी काखेत आली. आणि त्याच संध्याकाळी, तोच बूट, रानगडचा हरलेला कप्तान म्हणून खंडेरावानं गुडघा टेकून सोडला.

वरून उदयसिंह हसला. "आणि तुम्ही कधी जिंकलात, तर आम्ही सोडायचं काय रे? तुमच्या तर पायात काहीच नाही!"

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच घर करून राहिली. पाऊस आला, चिखल आला, खंडेराव खेळला. धुकं आलं, दव आलं, खंडेराव खेळला. समोर येईल त्या संघाला त्यानं धूळ चारली, पण एका गोलावर कधी हसला नाही. त्याला कप नको होता, टाळ्या नको होत्या. त्याला उदयसिंहाचा वाकलेला कणा हवा होता.

म्हणून अंतिम सामन्याला तो उतरला तो बूट घालून. तुळाजीचे परेडचे बूट! काळेभोर, जडशीळ, आणि त्याच्या पायाला चांगलेच आखूड. आता काय बोलावं या माणसाला?

मग व्हायचं तेच झालं. वाऱ्यागत पळणारा खंडेराव गाळात रुतलेल्या बैलासारखा ओढत राहिला. चेंडू डावीकडे मारावा तर उजवीकडे जाई. बोटं चेंगरली, टाचा सोलल्या. मध्यंतराला चंदनवाडी एका गोलानं पुढे होती.

कुबडी टेकत तुळाजी आला. "खंड्या, काढ ते."

"नाही. त्याला वाकवायचंय मला. तुझ्या याच बुटांपुढं."

"अरे गाढवा, आधी हरव तर त्याला!"

खंडेरावानं दातओठ खाल्ले. मग एकेक बूट उपसून त्यानं तुळाजीच्या पुढ्यात आपटला.

आणि मग जो उठला तो जाळ! रक्ताळलेली, अनवाणी पावलं त्या तांबड्या मातीवरून नुसती भिरभिरली. गुलाल उधळावा तशी धूळ उडाली. एक गोल झाला. मावळतीच्या तोंडावर दुसरा झाला. शिट्टी वाजली आणि रानगडनं एकच गिल्ला केला.

उदयसिंह रीतीप्रमाणे पुढे आला. त्यानं खंडेरावाच्या पायांकडे पाहिलं, आणि पुन्हा तेच हसू ओठांवर आलं. "सोडायला काही दिसत नाही. सुटलो म्हणायचं!" तो पाठ फिरवून निघालासुद्धा.

"थांब."

खंडेराव मातीत बसला. तुळाजीकडून त्यानं बूट मागून घेतले. सुजलेले, फुटलेले दोन्ही पाय त्यानं आत कोंबले, तसा आई गं म्हणून बघणाऱ्यांनीच डोळे मिटले. एकेका भोकातून त्यानं नाडी ओवली. हळू, अगदी हळू. कप द्यायला उभे असलेले साहेब खोळंबले, दोन्ही कॉलेजं खोळंबली. त्यानं गाठी मारल्या, करकचून, एकीवर एक. मग उजवा पाय पुढे केला.

"आता सोड."

उदयसिंहानं गुडघा टेकला. गाठी सुटता सुटेनात. गोऱ्या, नाजूक बोटांनी तो एकेक गाठ उकलत राहिला. अखेर बूट निघाला आणि त्याच्या तळहातावर रक्त ओघळलं. त्यानं मान वर केली. ते हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"तुळाजी," तो पुटपुटला, "चुकलं माझं."

तुळाजीचे डोळे भरून आले. "खंड्या, मिळालं मला सगळं. बास आता. उठू दे त्याला."

खंडेरावानं मित्राकडे पाहिलं नाही. सूर्य कड्याआड बुडाला. मैदानावर सावली पसरली. मंद, मूक, मातकट. त्या सावलीत त्यानं डावा पाय पुढे सरकवला.

"दुसरा," तो म्हणाला.