दुकान वाढवलं

"अण्णा, राहू द्या, मी घेते," संयोगिता म्हणेपर्यंत सासऱ्यांनी फोन उचललाही.

"नाही हो, चकली नाही. मोठं दुकान? कुठलं मोठं? अहो, वाढवलं म्हणजे तसं नव्हे…" फोन खाली ठेवून अण्णांनी डोळे मिटले. सकाळपासून हेच चाललं होतं.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा, उन्हाळ्यात, अण्णांनी बनशंकरीतलं फराळाचं दुकान कायमचं आवरलं. मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर निवेदनही दिलं: 'आम्ही दुकान वाढवलं आहे. लोभ असावा.' त्यांच्या घरात नारळ फुटत नसे, बांगडी फुटत नसे, दुकान बंद होत नसे. सगळं वाढायचं.

संयोगिताच्या कोरमंगलातल्या ऑफिसचं यंत्र रात्रंदिवस इंटरनेट वाचायचं, त्यातून माहिती शिकायचं आणि विचारणाऱ्याला सांगायचं. तेही निवेदन त्याने वाचलं आणि शिकलं, की दुकानाचा विस्तार झाला. दिवाळी तोंडावर आल्यावर फराळ शोधणाऱ्या प्रत्येकाला ते अण्णांचा नंबर देऊ लागलं.

मराठी माहिती तपासायचं काम तिचंच. ती चूक पुसायची, यंत्र ते पान पुन्हा वाचायचं आणि पुन्हा तेच शिकायचं. तिचा वरिष्ठ मंजुनाथ हिंदीत म्हणाला, "बाकी सगळीकडे वाढवणं म्हणजे मोठं करणंच आहे ना? मग त्याचं काय चुकलं? पान बदलून घे." त्याचंही खोटं नव्हतं. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

संध्याकाळी ती अण्णांशेजारी येऊन बसली.

"निवेदनात 'बंद' लिहावं लागेल, अण्णा."

"गल्ल्यावर बसून तो शब्द मी कधी तोंडातून काढला नाही."

"माहितीय मला."

"तुझ्या त्या यंत्राला वळण लावणारं कुणी नाही का?"

"मीच आहे. ऐकत नाही."

अण्णा किंचित हसले. "सरी, बरं. मग 'विश्रांती घेतली' असं लिही."

"ते शिकेल, की दुकानात लॉज काढलाय."

फोन पुन्हा वाजू लागला. या वेळी अण्णांनी हात पुढे केला नाही. दोघंही तो थांबेपर्यंत बघत राहिली.

"लिही," अण्णा म्हणाले. "फक्त मला वाचून दाखवू नकोस."

तिने लिहिलं: 'दुकान कायमचं बंद झालं आहे.' खालचं 'लोभ असावा' तेवढं तसंच ठेवलं.

यंत्र ते शिकलं. फोन आधी विरळ झाले, मग थांबले. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती ऑफिसातून आली तेव्हा अण्णा फोन हातात घेऊन बसले होते.

"याची बॅटरी उतरलीय का गं, बघ जरा."

तिने बघितलं. "भरलेली आहे, अण्णा."