मुद्दाम हरणाऱ्या मावशीच्या माऊसची कैफियत

मी एक जुना माऊस आहे. कॉम्प्युटरला वायरीने जोडलेला, काळा, डाव्या बटणावरचा रंग पार उडालेला. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना कशा उसासे टाकत, हळुवारपणे बोलतात, तसं मला जमणार नाही. मी चिडलेलो आहे. माझ्यावर खोटा आळ आला, एकदा नव्हे, एकोणीस वेळा आला, आणि तोही अशा बाईकडून जिच्यासाठी मी पाच वर्षं झिजलो. मित्रांनो, सगळं ऐका आणि तुम्हीच न्याय करा.

माझा जन्म उल्हासनगरचा, कॅम्प तीनचा. माझं कवच एका मोडक्या माऊसचं, आतली बटणं दुसऱ्याची आणि वायर तिसऱ्याचीच. जितेशभाईंनी आपल्या चिंचोळ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून या तिघांना एकत्र आणलं आणि मी झालो. लोक उल्हासनगरच्या मालाला नाकं मुरडतात. खुशाल मुरडा! चकचकीत खोक्यातून आलेले कितीतरी नवे माऊस वर्षभरात मान टाकतात. मी आजवर एकही क्लिक चुकवलेला नाही. जितेशभाईंनी मला गिऱ्हाइकाच्या हातात देताना सांगितलं होतं, "ताई, तुम थक जाओगे, ये नहीं थकेगा." त्यांचा शब्द मी खाली पडू दिला नाही.

ते गिऱ्हाईक म्हणजे वृंदा. बदलापूरला बेलवलीत ती एकटी राहते आणि अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करते. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुणार, चहा घेणार आणि माझ्यावर हात ठेवणार. तिचा खेळ एकच. त्यात पाच जणांनी मिळून एक गाव राखायचं असतं. डोंगरातून राक्षस उतरतात, कुणी कुंपण घालतो, कुणी लढतो. वृंदा नेहमी वैद्य व्हायची. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्या जिवाची एक हिरवी रेघ असते. ती रेघ लाल झाली की वृंदा मला झर्रकन तिकडे वळवायची, बटण दाबायची आणि पडलेला गडी उठून उभा राहायचा. कोण कुठली माणसं, एक नागपूरचा, एक सुरतेचा, पण "थँक्यू दीदी" म्हटल्याशिवाय जात नसत. रविवारी ती मला मऊ फडक्याने पुसायची आणि "गुणाचा आहेस रे" म्हणायची. ते दिवस मला आठवतात आणि खरं सांगतो, म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं.

त्याच खेळात दुसरा एक भाग आहे, मैदान. तिथे राक्षस नसतात, माणसाशी माणूस लढतो. पोरं त्याला पीव्हीपी म्हणतात. वृंदा तिकडे फिरकतही नसे. समोर जिवंत माणूस बसलाय, त्याला कशाला मारायचं, असं तिचं म्हणणं. स्वभावच तसा. सोसायटीच्या हळदीकुंकवाला संगीत-खुर्ची झाली, तर ही बाई शेजारणीला खुर्ची देऊन स्वतः उभी राहिली होती आणि वर घरी येऊन ते कौतुकाने फोनवर सांगत होती.

हे सांगायची ती आपल्या भाचीला. ओवी, तिच्या बहिणीची मुलगी, वय वर्षं तेरा, राहणार बदलापुरातच, शिरगावला. तीन वर्षं या दोघी आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून, एकत्र गाव राखत होत्या. मग ओवी आठवीत गेली. तिच्या मैत्रिणी मैदानात उतरल्या आणि तिलाही मैदान हवंसं झालं. मावशी नको म्हणाली. ओवीने आणखी दोनदा विचारलं. त्यानंतर तिचं खेळायला येणंच थांबलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. वृंदा गाव राखत होती खरी, पण तिचं लक्ष पडद्यावर ओवीच्या नावापुढच्या विझलेल्या ठिपक्यावर. त्या पंधरवड्यात तिच्या हातून चार माणसं मेली, जी एरवी कधीच मेली नसती. शेवटी तिनेच फोन केला आणि सांगितलं, ये, मैदानात खेळू.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पाच वर्षं औषधं वाटली, आता जरा हात दाखवायला मिळणार होता. पहिलीच मॅच. ओवी धावत आली, ढाल खाली, सगळी उघडी. माझा नेम बरोबर तिच्यावर. नुसतं डावं बटण दाबायचं बाकी. आणि वृंदाने बोट उचललं. मला दोन बोटं बाजूला सरकवलं, मार खाल्ला, पडली, आणि वर माइकमध्ये काय म्हणाली? "अगं, माझा माऊसच खराब आहे बघ. क्लिकच होत नाही."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब मारली असती. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी ऐकून होतो. पण चांगलं नाचता येत असताना अंगणाला वाकडं म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

तिचा हेतू मला कळत होता, नाही असं नाही. तुम्ही लपंडाव खेळता तेव्हा सगळ्यांत लहान पोराला कच्चा लिंबू करता ना? तो धावतो, लपतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तसंच तिने ओवीला केलं होतं. फरक एवढाच, की तुमच्या कच्च्या लिंबाला आपण कच्चा लिंबू आहोत हे माहीत असतं. ओवीला माहीत नव्हतं. ती एकामागून एक एकोणीस मॅच जिंकली आणि एकोणीस वेळा माझी बदनामी झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण एके दिवशी ओवीने आनंदाने सांगितलं, की अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर एका गेमिंग कॅफेत मैदानाची स्पर्धा आहे आणि तिने नाव दिलंय. तिच्या वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी बघायला येणार होत्या. मावशीसारख्या जुन्या खेळाडूकडून आपण एकदाही हरलो नाही, मग तिथली पोरं काय चीज आहेत, असा तिचा हिशेब. वृंदाचा हात माझ्यावर गार पडला. तेव्हाच तिने खरं सांगायला हवं होतं. तिने काय सांगितलं? छान, ऑल द बेस्ट.

पुढच्या शनिवारी ओवी मावशीकडे जेवायला आली. वृंदा स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होती, तेवढ्यात या पोरीने माझी वायर काढली आणि मला गुपचूप दप्तरात टाकलं. तिच्या मनात मावशीला खूश करायचं होतं. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून तिने मला उल्हासनगरला नेलं, थेट जितेशभाईंकडे. त्यांनी मला ओळखलं. माझे स्क्रू काढले, पोट उघडलं, आत फुंकर मारली. काहीच बिघाड नसताना माझी ही चिरफाड! मग मला कॉम्प्युटरला लावून त्यांनी डावं बटण शंभर वेळा दाबलं. पडद्यावर आकडा आला शंभर.

"बेटा, माऊस एकदम ओके आहे," जितेशभाई म्हणाले. "जो चलाता है, उसको पूछो."

माझी छाती अभिमानाने फुगली. एवढ्यात माझं लक्ष ओवीकडे गेलं. ती पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. वडिलांनी काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाली. बेलवलीपर्यंत तिने मला दप्तरात टाकलं नाही, मुठीत धरून ठेवलं.

वृंदाने दार उघडलं. ओवीने चपलासुद्धा काढल्या नाहीत. जितेशभाईंनी शंभर वेळा दाबलं, शंभरच्या शंभर लागले, एवढंच सांगितलं. वृंदा चाचरली. तुला वाईट वाटू नये म्हणून, तू पुन्हा यायची थांबू नयेस म्हणून, असं काहीबाही बोलली. ओवीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं.

"मला येतं की नाही, हेच मला आता माहीत नाही, मावशी. आठ दिवसांनी मी सगळ्यांसमोर जाऊन बसणारे. तू मला सांगितलंच नाहीस."

त्या क्षणी मी माझा अपमान विसरलो. माझ्यावर आळ आला तरी मला मी चांगला आहे हे ठाऊक होतं. या पोरीकडून तर तेवढंही काढून घेतलं होतं.

वृंदाने तिच्या मुठीतून मला घेतलं. मग तिने सांगितलं, की उद्यापासून रोज संध्याकाळी वडिलांचा लॅपटॉप घेऊन ये, आणि मी खोटं खेळणार नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ओवी, दुसऱ्या टोकाला आम्ही. वृंदाच्या तळहाताला घाम सुटला होता. पण बोट या वेळी उचललं नाही. दाबलं! मित्रांनो, पाच मॅच, पाचही आम्ही जिंकलो, आणि एकही मिनिटभर टिकली नाही. वैद्य होती ना ती. माणूस कधी घाबरतो, कधी मागे सरतो, कुठल्या बाजूने उघडा पडतो, हे ती वर्षानुवर्षं बघत आली होती. दर वेळी जिंकल्यावर "सॉरी गं" म्हणायची. ओवी दात-ओठ खाऊन म्हणायची, सॉरी नको, परत. जाताना ती रडत गेली. वृंदाने त्या संध्याकाळी जेवण केलं नाही. मला वाटलं, झालं, उद्या ही पुन्हा बोट उचलणार. नाही उचललं.

चौथ्या संध्याकाळी ओवी पळत सुटली. आम्ही मागे. मैदानातल्या विहिरीला वळसा घातला तर पोरगी तिथे नाहीच. ती उलट्या बाजूने फिरून आमच्या पाठीत! अर्धी रेघ एका फटक्यात लाल. "अगं चोरटे!" वृंदा ओरडली आणि खदखदून हसली. तिचं असं हसणं गाव राखताना मी एकदाही ऐकलं नव्हतं. सॉरी त्या दिवसापासून बंद झालं. चहा पिताना ती ओवीला म्हणाली, की गाव राखताना कुणी पडलं तरच मला काम असतं, पण इथे तू पडू नयेस, आणखी चांगली खेळावीस, असंच वाटत राहतं, कारण मग मला स्वतःलाही आणखी चांगलं खेळावं लागतं. हे आधी का नाही कळलं, असंही म्हणाली. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण माऊसला कोण विचारतो!

सहाव्या संध्याकाळी आम्ही हरलो. खरेखुरे हरलो. वृंदाने मला इतक्या जोरात दाबलं की माझं कवच करकरलं, तरी ओवीचा वार क्षणभर आधी पडला. ओवी जागची हलली नाही. आनंद नाही, ओरडणं नाही. ती टेबलापलीकडून मावशीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, हे खरं की पुन्हा तेच. वृंदाचे कान लाल झाले होते. तिने पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली.

"परत," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता परत."

तेव्हा कुठे ओवी हसली.

स्पर्धेला आपला माऊस नेलेला चालत होता, म्हणून ओवीने मला नेलं. त्या कॅफेत जे ऐकलं त्याने माझं रक्त उसळलं. जो हरेल तो उठून म्हणायचा, नेट स्लो होतं, खुर्ची हलत होती, कीबोर्ड भिकार आहे. एका पोराने तर हेडफोन टेबलावर आपटले. बिचारे हेडफोन! ओवी पहिल्या दोन मॅच जिंकली. तिसऱ्या मॅचला समोर यज्ञेश नावाचा अकरावीतला मुलगा होता. त्याने तिला तिच्याच विहिरीच्या युक्तीत पकडलं आणि संपवलं. मैत्रिणी धावत आल्या, काय झालं, माऊस अडकला का? ओवीचा हात अजून माझ्यावर होता.

"नाही," ती म्हणाली. "तो माझ्यापेक्षा चांगला खेळला." आणि मग उठून, ते त्याने नेमकं कसं केलं हे विचारायला ती यज्ञेशकडे गेली.

मित्रांनो, माझी एवढीच मागणी आहे. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही म्हणून आपलं पाप आमच्या माथी मारू नका, आम्हाला आपटू नका, बिघडलो असलो तर दुरुस्त करा. आणि मोठ्या माणसांनो, तुम्हीही ऐका. लहानांना खोटं जिंकवू नका. एक दिवस त्यांना कळतंच, आणि त्या दिवशी मागचे सगळेच विजय त्यांच्या हातून जातात. ओवीचे एकोणीस गेले. आता तिच्याकडे मावशीवरचा एक आणि अंबरनाथचे दोन, असे तीनच आहेत. पण ते तीन तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही.