वेढे मोजताना

राजमतीला जाऊन तीन वर्षं झाली होती. बुधवारी संध्याकाळी साडेपाच वाजता तिने नवऱ्याला, म्हणजे बाळगोंडा मगदूम अण्णांना हाक मारली, ती त्यांच्या हातातल्या ट्रान्सफॉर्मरमधून.

"अहो, जरा आत येता का?"

अण्णांनी सवयीने एक बोट वर केलं आणि तारेचा पहिला वेढा सोडवून बाजूला टाकला. एक.

या बोटाची इचलकरंजीत चेष्टा होत असे. जळलेला ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळायचा तर आधी जुनी तार उलगडत तिचे वेढे मोजावे लागतात, आणि जितके निघाले तितकेच परत घालावे लागतात. मध्ये तोंड उघडलं की आकडा सुटतो, आणि आकडा सुटला की सगळी मेहनत भंगारात. म्हणून मोजताना कुणी बोलायला आलं की अण्णा मान वर न करता बोट दाखवायचे. गिऱ्हाइकाला दाखवायचे, पाहुण्यांना दाखवायचे. एकदा तर खुद्द सासऱ्यांना दाखवलं होतं, आणि सासरे पाऊण तास दारात उभे राहून तसेच परत गेले होते.

सगळ्यात जास्त वेळा ते बोट राजमतीने पाहिलं. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा. मगदुमांचं घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणारं. ती पाचपासून हाका मारायची. यांची मोजणी संपेपर्यंत सूर्य समोरच्या, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या धुराड्यामागे गेलेला असायचा. मग अण्णा उपाशी, आणि त्यांच्यासाठी थांबलेली तीही उपाशी. ती कुरकुर करत नसे. दोन्ही ताटं झाकायची आणि भिंतीकडे तोंड करून जपमाळ घेऊन बसायची. जपात बोललेलं तिलाही चालत नसे. एका घरात मोजणारी दोन माणसं, असं ती हसत सांगायची.

आज हातात घेतलेला ट्रान्सफॉर्मर घरच्याच रेडिओचा होता. तो स्वयंपाकघरातल्या फळीवर अकरा वर्षं मुका बसला होता. ती असताना रोज म्हणायची, एवढा दुरुस्त करा, आणि हे रोज म्हणायचे, बघतो. गावभरचे रेडिओ बोलते केले आणि घरचा तेवढा राहिला. आज दुपारी त्यांनी तो खाली घेतला. प्लगपर्यंत वीज येत होती. वायर धड होती, फ्यूज शाबूत होता, बटणातूनही वीज पलीकडे जात होती. ट्रान्सफॉर्मरला मीटर लावला तेव्हा काटा हलला नाही. करपल्याचा वास आला. वीज तिथेच अडत होती. अण्णांनी गाभ्याचे लोखंडी पत्रे काढले, वरची जाड तार उतरवली आणि आतली केसासारखी बारीक तार सोडवायला घेतली.

पहिल्या वेढ्यातून आलेली हाक तिची शेवटची होती. त्या दिवशीही अण्णांनी बोट वर केलं होतं. कुणाच्या तरी स्टॅबिलायझरचे अकराशे ऐंशी वेढे पुरे करून ते आत गेले, तेव्हा ती ओट्याला टेकून बसली होती आणि सगळं होऊन गेलं होतं. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या वेढ्यातून आलं, "ताट वाढलंय." तिसऱ्यातून, "आमटी निवली बघा." एका वेढ्यात एक हाक, जशी मारली होती तशी. चारशेच्या पुढे तिच्या आवाजातला खोकला गेला. नऊशेवर ती म्हणाली, "पोरगी झोपली, आता तरी या." अण्णांना तिची फार आठवण आली. पण आकडा त्यांनी सोडला नाही. मोजले तेवढे वेढे परत घातले की रेडिओ लागणार होता, आणि रेडिओ लागला की ती रोज बोलणार होती. त्यांना आता दुसरं काही नको होतं.

सूर्य धुराड्याच्या टोकावर येऊन थांबला होता. शेजारी पिठाची गिरणी चालवणारे पिरगोंडा दारात आले.

"अण्णा, साडेआठ वाजले. दिवस हाय तिथंच हाय."

अण्णांनी बोट वर केलं.

"मोजताय व्हय? मोजा, मोजा. गल्लीतली समदी दुसऱ्यांदा जेवाय बसल्यात. आमीबी बसतो."

पिरगोंडा गेले. गल्लीतले यंत्रमाग चालू होते, त्यांची खडखड नेहमीसारखी येत होती. मुठीत मावणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून निघालेली तार आधी स्टुलाखाली जमली, मग गुडघ्यापर्यंत आली. दीड हजाराला तिचा ढीग दाराशी चढला आणि रस्त्याकडचं दार त्याच्याआड गेलं. दोन हजाराला ती कमरेला लागली. राजमतीचा आवाज आता कोवळा झाला होता. हाका लहान होत चालल्या होत्या. दोन हजार तीनशेच्या पुढे शब्द संपले, नुसत्या बांगड्या वाजू लागल्या. लग्नानंतरचे पहिले काही दिवस ती लाजून तेवढंच करायची.

दोन हजार तीनशे अकरा. एकच वेढा उरला. त्याच्याखालचा कागद दिसायला लागला.

"ऐकलं का?"

ही हाक ट्रान्सफॉर्मरमधून आली नव्हती. ती पडद्यामागून आली होती. तव्यावर भाकरी उलटल्याचा वास आला.

"मी जेवायची थांबलीय."

अण्णांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोट वर गेलेलंच होतं. शेवटचा वेढा काढायला एक क्षण लागला असता, मग आकडा पक्का झाला असता आणि ती कायमची रेडिओत राहिली असती. आत भाकरी निवत होती. त्यांनी दुसऱ्या हाताने ते बोट धरलं आणि खाली केलं.

"आलो," अण्णा म्हणाले.

एवढं म्हटलं आणि आकडा गेला. तेवीसशे होते की बाराशे, काही आठवेना. समोर सूर्य धुराड्यावरून हलला आणि खाली उतरू लागला, रोजच्यापेक्षा घाईने.

दुकानातून पडद्यापर्यंत सात पावलं होती. अण्णा तारेत शिरले. प्रत्येक वेढा पायात अडकत होता, प्रत्येकातून काहीतरी बोललं जात होतं आणि थांबून ऐकायला वेळ नव्हता. तिसऱ्या पावलाला भिंतीवरचा उजेड कॅलेंडरपर्यंत चढला. पाचव्याला तो छताला लागला. "आलो, आलो गं," ते म्हणत राहिले. चाळीस वर्षांत न म्हटलेलं ते दम लागेपर्यंत म्हणत राहिले. सातव्या पावलाला दिवस मावळला आणि त्यांनी पडदा बाजूला केला.

चूल विझवलेली होती. दोन ताटं मांडलेली होती आणि दोन्ही झाकलेली होती. राजमती भिंतीकडे तोंड करून बसली होती. वय एकोणीस, लग्नातली हिरवी साडी, उजव्या हातात जपमाळ. मणी एकेक करून सरकत होते.

"राजमती," अण्णा म्हणाले, "मी आलोय."

तिने मान न वळवता डाव्या हाताचं एक बोट वर केलं.